वाचकांचे प्रश्न : कवितेचा तास आणि शिकवणारा कवी

या वेळची बहुतेक पत्रं कॉलेजात सर्जनशील लेखन शिकवणाऱ्या, किंवा लवकरच शिकवायला लागणाऱ्या कवींची आहेत. पत्रं लांब होती. प्रश्नाचा गाभा ठेवून ती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझे दोन कवितासंग्रह निघाले आहेत, पण वर्गात कधी शिकवलेलं नाही. येत्या सत्रात कवितालेखनाचा विषय माझ्याकडे आहे. १५ आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, विद्यार्थी १४. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला आपली कविता आणायला सांगून चर्चा सुरू करावी असं मनात आहे. चालेल का?

उत्तर : नको. पहिल्या दिवशी येते ती साठवणीतली कविता. दोन-तीन वर्षांपूर्वी लिहिलेली, घरच्यांना आणि मित्रांना ऐकवून झालेली, कुठेतरी बक्षीसही मिळालेली. तिच्यातला शब्दही हलवायची विद्यार्थ्याची तयारी नसते. मग चर्चेचा पहिलाच तास कवितेच्या बचावात जातो आणि पुढचे तासही त्याच वळणावर जातात.

आधी वेळेचा हिशेब मांडा. अडीच तास म्हणजे १५० मिनिटं. १० मिनिटं सुट्टी, ३० मिनिटं छापील कवितेचं वाचन किंवा सराव. उरली ११०. एका कवितेला २० ते २२ मिनिटं लागतातच. त्याहून कमी दिली तर बोलणं पहिल्या प्रतिक्रियांपलीकडे सरकत नाही. म्हणजे एका तासाला पाच कविता. १४ जणांची एक फेरी पाच, पाच आणि चार अशी तीन आठवड्यांत पुरी होते. पाचव्या आठवड्यापासून तेराव्यापर्यंत नऊ आठवडे मिळतात, त्यात तीन फेऱ्या बसतात. चौदाव्या आठवड्यात प्रत्येकाशी पंधरा मिनिटं स्वतंत्र बोला. त्याला साडेतीन तास लागतील, ते एका तासिकेत मावणार नाहीत. चार-पाच जणांना वर्गाबाहेरची वेळ आधीच देऊन ठेवा. पंधरावा आठवडा संचिका, म्हणजे सत्रभराच्या कविता आणि त्यांचे मसुदे, जमा करण्यासाठी आणि वाचनासाठी.

वर्ग १५ पर्यंत वाढला तरी हाच हिशेब चालतो. २० झाले की एका फेरीला चार आठवडे लागतात आणि तीनच्या दोन फेऱ्या होतात. विभागाशी बोलताना ‘वर्ग लहान हवा’ असं मोघम सांगू नका. हे आकडे पुढे ठेवा.

पहिल्या चार आठवड्यांत वर्गाला एक सामाईक भाषा मिळवून द्यायची. पहिल्या आठवड्यात एखादी वस्तू टेबलावर ठेवून बारा मिनिटं लेखन : दहा ओळी, विशेषण नाही, ‘सारखा’, ‘जणू’ नाही, भावनेचं नाव नाही. दुसऱ्या आठवड्यात साठेक शब्दांचा गद्य परिच्छेद द्या आणि तो तीन तऱ्हांनी ओळींत तोडायला सांगा : एकदा श्वासाप्रमाणे, एकदा अर्थाप्रमाणे, एकदा मुद्दाम अर्थाच्या आडवं. तीच वाक्यं तीन वेगळ्या चालीनं चालताना ऐकली की ‘ओळ म्हणजे काय’ यावर व्याख्यान द्यावं लागत नाही. तिसरा आणि चौथा आठवडा छंदाला. शिवाय दर आठवड्याला बारा ओळी पाठ करून यायच्या, दुसऱ्या कुणाच्या तरी. पाठांतराला नाकं मुरडली जातील. तरी सोडू नका. कानात काही नसेल तर हातून नवं उतरत नाही.

सराव बिघडतो तो बहुधा सूचना लांबल्यामुळे. दहा मिनिटं समजावून सांगितलेला सराव मुलं तुम्हाला हवा तसा लिहून देतात. सूचना कागदावर द्या, तीन वाक्यांत. आणि लिहिलेलं वाचून दाखवायची सक्ती करू नका.

प्रश्न : चर्चेच्या वेळी सगळे ‘छान आहे’, ‘भिडली’ म्हणतात आणि गप्प बसतात. मग दोघंच जण बोलत राहतात, तेही कवितेवर कमी आणि विषयावर जास्त. कवितेचा कवी रडवेला होतो किंवा भांडायला उठतो. काय चुकतंय?

उत्तर : वर्गानं कविता वाचलेलीच नसते, हे मूळ. समोर आलेली कविता एकदा ऐकून कुणीही ‘छान’ एवढंच म्हणू शकतो. कविता तीन दिवस आधी सगळ्यांच्या हाती पडली पाहिजे, आणि प्रत्येकानं तिच्यावर लेखी टिपण आणलं पाहिजे. टिपणात तीनच गोष्टी. पहिली, कवितेत काय घडतं ते दोन वाक्यांत, मत नाही. दुसरी, आपण जिथे थांबलो, अडलो किंवा मागे वळून पुन्हा वाचलं ती ओळ. तिसरी, एक प्रश्न. टिपण आणलं नसेल त्यानं त्या कवितेवर बोलायचं नाही. नियम कडक वाटेल, पण दुसऱ्या आठवड्यापासून सगळे टिपणं आणतात.

तासाला कविता दोनदा मोठ्यानं वाचायची. आधी दुसऱ्या विद्यार्थ्यानं, मग कवीनं. हा क्रम बदलू नका. कवी आधी वाचतो तेव्हा कागदावर नसलेला भाव तो आवाजातून भरून काढतो. दुसरा वाचताना अडखळतो, चुकीच्या शब्दावर जोर देतो, ओळ संपली हे त्याला कळत नाही. आणि कवीला आपली कविता कागदावर नेमकी किती उतरली आहे ते तिथल्या तिथे ऐकू येतं. त्या वेळी कवीच्या हातात पेन्सिल हवी.

मग बोलणं. पहिली पाच मिनिटं फक्त वर्णन : कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, काळ कोणता. हे निरस वाटतं, पण निम्मे वाद इथेच मिटतात, कारण तिघांनी तीन वेगळ्या कविता वाचलेल्या असतात. त्यानंतर टिपणांतल्या थांब्यांच्या ओळी. शेवटची पाच मिनिटं कवीची.

कवीनं पूर्ण वेळ गप्प बसायचं, अशी पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. तिचा फायदा खरा आहे : कवितेला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. पण वर्गानं एखादा संदर्भच चुकीचा धरला तर वीस मिनिटं भलत्याच कवितेवर बोलण्यात जातात, आणि ज्याचं जगणं वर्गाला अनोळखी आहे त्याच्यावर हे वारंवार ओढवतं. त्यामुळे वर्णनाच्या पाच मिनिटांनंतर कवीला एका वाक्यात दुरुस्ती करायची मुभा द्या. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास बसवलेली चार पायऱ्यांची पद्धतही वर्गाला चांगली मानवते. आधी प्रेक्षक आपल्याला काय जाणवलं, काय लक्षात राहिलं ते सांगतात. मग कलावंत प्रश्न विचारतो. मग प्रेक्षक प्रश्न विचारतात, पण त्यात मत दडवायचं नाही. आणि शेवटी मत, तेही कलावंताची परवानगी घेऊन. ‘शेवट इतका गोड का केलास?’ हा प्रश्न नव्हे, ते मत आहे. ‘शेवटच्या ओळीनंतर वाचकाच्या मनात काय राहावं असं तुला वाटतं?’ हा प्रश्न. हा फरक मुलांना समजायला दोन-तीन आठवडे लागतात.

आता एक कच्ची कविता जवळून पाहू. अशा कविता दर वर्गात येतात. ही या उत्तरासाठी रचली आहे.

दादा गेला आणि घर सुनंसुनं झालं
आठवणींचा पूर दाटून येतो
त्याच्या खोलीतला पंखा आम्ही
दोनवरच ठेवतो
तीनवर तो खडखडतो
दादाला झोप लागायची नाही
काळ कुणासाठी थांबत नाही

टिपणांत बहुतेकांनी पंख्याच्या ओळीखाली रेघ मारलेली असणार. पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या ओळीवर कुणी थांबत नाही, कारण त्या ओळी सगळ्यांनी आधीच कुठेतरी वाचलेल्या आहेत. त्या वाईट म्हणून जायला हव्यात असं नाही. पंखा जे करतोय तेच त्या शब्दांत सांगतात, म्हणून जायला हव्यात. पण इथे शिक्षकानं लाल पेन काढून त्या खोडू नयेत. ‘या तीन ओळी झाकून उरलेल्या वाच’ एवढंच सांगावं.

झाकल्यावर अडचण उभी राहते. दादा गेला हे आता वाचकाला कळणार कसं? वर्गाचं खरं काम इथून सुरू होतं. कुणी म्हणेल शीर्षकातून कळू दे. कुणी विचारेल, ‘गेला’ म्हणजे परगावी गेला की वारला? ही संदिग्धता कवीला हवी आहे का? मग शिक्षकानं एक प्रश्न टाकावा : सहावी ओळ तुझ्या घरात आज कुणी म्हणालं तर कसं म्हणेल? विद्यार्थी बहुधा थोडा वेळ गप्प बसतो आणि म्हणतो, ‘लागत नाही’.

त्याच्या खोलीतला पंखा
आम्ही दोनवरच ठेवतो.
तीनवर खडखडतो,
दादाला झोप लागत नाही.

‘लागायची नाही’चं ‘लागत नाही’ झालं. एका क्रियापदाचा काळ बदलला आणि घर दादाला अजून सोडायला तयार नाही हे कुणी न सांगता समजलं. ‘आम्ही’ ओळीच्या शेवटी लोंबकळत होतं, ते पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आलं आणि घरातली माणसं एकत्र आली. हा बदल तुम्ही सुचवला असता तर ती तुमची कविता झाली असती. विद्यार्थ्याच्या तोंडून आला म्हणून पुढच्या कवितेत तो क्रियापदाचा काळ स्वतःहून तपासेल. वीस मिनिटांत एवढं एक घडलं तरी तास सत्कारणी लागला. दहा चुका दाखवू नका, घरी गेल्यावर त्यातली एकही लक्षात राहत नाही.

प्रश्न : विभागातले सहकारी म्हणतात, ‘कविता शिकवून येते का? प्रतिभा लागते.’ त्यांना काय सांगावं?

उत्तर : प्रतिभा लागते हे मान्य करून टाका, वाद निम्मा संपतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातलं रायटर्स वर्कशॉप १९३६ पासून चालू आहे, इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातला लेखनाचा एम. ए. १९७० पासून. कवी रॉबर्ट लोवेल यांच्या बॉस्टन विद्यापीठातल्या वर्गात १९५९ साली सिल्व्हिया प्लाथ आणि अ‍ॅन सेक्स्टन या पुढे नावाजलेल्या कवयित्री एकत्र बसत. त्या दोघींची प्रतिभा लोवेल यांनी दिली असं कुणीच म्हणत नाही. वर्गानं दिले ते कान : गंभीरपणे वाचणारी, त्याच आठवड्यात उत्तर देणारी माणसं. एकट्यानं लिहिणाऱ्याला असा वाचक मिळायला वर्षं लागतात. आपला विषय एवढाच आहे आणि तो शिकवता येतो : आपली कविता दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणं, आणि मग ती बदलणं.

प्रश्न : माझे सगळे विद्यार्थी मुक्तछंदातच लिहितात. वृत्तं शिकवू का? शिकवली तर मुलं जुन्या धाटणीचं लिहू लागतील अशी भीती वाटते.

उत्तर : शिकवा, पण गणांच्या तक्त्यापासून सुरुवात करू नका. यमाताराजभानसलगम् फळ्यावर लिहिलं की वर्ग परीक्षेच्या तयारीला लागतो. कानाला आधीपासून ओळखीचं आहे तिथून सुरू करा.

मोठा अभंग घ्या : सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. इथे लघु-गुरू मोजायचे नाहीत, फक्त अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. फळ्यावर असा एक नमुना मांडा :

पावसाची सर / आली उंबऱ्याशी / थांबली उशाशी / रात्रभर

बोटांवर मोजून घ्या. मग विचारा, शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड का? म्हणून पाहिलं की लक्षात येतं : तिथे श्वास मोकळा होतो आणि जे राहिलं ते त्या मोकळ्या जागेत घुमतं. ‘रात्रभर’च्या जागी सहा अक्षरं घालून बघायला सांगा, ‘सारी रात्रभर’. कडवं लगेच सपाट होतं. वर्गातच अर्ध्या तासात प्रत्येकाकडून दोन कडवी होतात.

पुढच्या आठवड्यात मात्रा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात आला तर ते गुरू : ‘सत्य’मधला ‘स’ गुरू. पण ‘तुझ्या’, ‘पुन्हा’, ‘तुम्ही’ यांतल्या पहिल्या अक्षरावर तसा आघात येत नाही, म्हणून ते लघुच. मुलं इथे हमखास चुकतात, कारण ती डोळ्यांनी मोजतात. मोठ्यानं म्हणायला लावा, चूक आपोआप सुटते. त्यानंतर वेळ उरला तर भुजंगप्रयात : लघु-गुरू-गुरू असे चार गण, बारा अक्षरं, वीस मात्रा. ताल इतका ठसठशीत आहे की टेबलावर वाजवता येतो. छंद (अक्षरांची मोजणी), जाती (मात्रांची मोजणी) आणि वृत्त (लघु-गुरूंचा ठरलेला क्रम) ही तिहेरी विभागणी मुलांनी सांगितली पाहिजे, पण शेवटी, करून झाल्यावर. तिचा सखोल अभ्यास करणारे माधव जूलियन स्वतः कवी होते आणि कॉलेजात फारसी शिकवत होते, हेही वर्गाला जरूर सांगा.

बिघडतं कुठे? मात्रा भरायला ‘तो’, ‘हा’, ‘ही’, ‘ना’, ‘रे’ असे भरतीचे शब्द येतात. वाक्याची रचना उलटीपालटी होते : ‘मी गेलो घरी’च्या जागी ‘गेलो घरी मी’, तेही फक्त यमकासाठी. आणि बोलण्यात नसलेले ‘नयन’, ‘गगन’, ‘सुमन’ हजर होतात, कारण ते तीन लघूंचे सोयीचे तुकडे आहेत. यावर उपाय एकच नियम : वृत्तात असं काही लिहायचं नाही जे तुम्ही तोंडानं म्हणणार नाही. हा नियम पाळून आठ ओळी लिहायला दोन तास लागतात. विद्यार्थी वैतागतो आणि मग मुक्तछंदाकडे परततो. पण आता त्याची मुक्त ओळ कुठेही तुटत नाही. कुठे तोडतो आहोत हे त्याला ऐकू येत असतं. जुन्या धाटणीची भीती त्यासाठी बाळगायचं कारण नाही. आम्ही सगळ्यांनाच सांगतो, हे दोन आठवडे गाळू नका.

प्रश्न : कवितेला गुण कसे द्यायचे? एका विद्यार्थिनीला कमी गुण दिले तर ती म्हणाली, ‘हा माझा अनुभव आहे, त्याला तुम्ही शंभरपैकी पन्नास कसे देता?’

उत्तर : तिचं म्हणणं योग्य आहे. सुट्या कवितेला गुण देऊच नका. दिले की मुलं धोका पत्करणं सोडतात आणि शिक्षकाला आवडेल असं लिहितात. सत्राच्या शेवटी तुमच्याच कवितेच्या चौदा फिक्या नकला हातात येतात.

कामाला गुण द्या. शंभरांची एक वाटणी अशी करता येईल : मसुद्यांतल्या पुनर्लेखनाला ४०, दुसऱ्यांच्या कवितांवरच्या टिपणांना २५, वर्गातल्या सरावांना १५, एका छापील कवितेवरच्या दोन पानी निबंधाला १०, पाठांतराला १०. संचिकेत पाच कविता, प्रत्येकीचे किमान तीन मसुदे, आणि पानभर टिपण : कोणते दोन बदल केले, का केले, आणि वर्गानं सुचवलेला कोणता बदल नाकारला. नाकारण्याचं कारण नीट मांडलं असेल तर त्याला पुरे गुण. वर्गाचं ऐकलंच पाहिजे असं मुळीच नाही.

यातही पळवाट निघते. काही जण शेवटचा मसुदा आधी लिहितात आणि मग तो मुद्दाम बिघडवून ‘पहिला मसुदा’ तयार करतात. असे मसुदे ओळखू येतात : प्रत्येक पायरीवर फक्त शब्द बदललेले असतात, एखादं कडवं उडालं किंवा सुरुवातच दुसरीकडून झाली असं होत नाही. म्हणून पहिला मसुदा वर्गात, हातानं, बारा ते पंधरा मिनिटांत लिहून घ्या आणि त्यावर तारीख घालून सही करा. यंत्राकडून कविता लिहून आणण्याचा प्रश्नही यामुळे बराच सुटतो. ज्या संचिकेत खाडाखोड दिसते, तिथे संशयाला जागा राहत नाही.

खाडाखोडीची लाज वाटू नये म्हणून एक गोष्ट वर्गाला आवर्जून सांगा. अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशप १९७०च्या दशकात हार्वर्डमध्ये शिकवत होत्या. त्या काळातल्या त्यांच्या एका विलानेलचे (दोन ओळी ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येणाऱ्या एकोणीस ओळींच्या कवितेचे) सोळा-सतरा मसुदे आज जपून ठेवलेले आहेत. पहिला मसुदा जवळजवळ गद्यच आहे : हरवलेल्या वस्तूंची यादी, पसरट, अडखळती. तिथून ती कविता त्या कडक घाटात कशी गेली, हे मसुदे शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

प्रश्न : एका विद्यार्थ्यानं कवितेत जीव द्यायच्या गोष्टी लिहिल्या आहेत. ती चर्चेला आली आहे. मी कवी आहे, समुपदेशक नाही. कविता म्हणून बोलू की आणखी काही करू?

उत्तर : कवितेतला ‘मी’ म्हणजे लिहिणारा नव्हे, हे आपण रोज शिकवतो. इथे त्या तत्त्वाच्या आड बसू नका. त्याच दिवशी, वर्गाबाहेर, एकट्याला गाठा आणि सरळ विचारा : ‘ही कविता वाचून मला तुझी काळजी वाटली. तुझ्या मनात स्वतःला संपवायचे विचार येतात का?’ थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. उत्तर ‘हो’ असेल किंवा नुसतं गुळमुळीत असेल, तरी कॉलेजच्या समुपदेशकाकडे स्वतः त्याच्याबरोबर चालत जा. चिठ्ठी देऊन पाठवू नका. धोका लगेचचा वाटला तर त्याला एकटं सोडू नका आणि तातडीची वैद्यकीय मदत मागवा. कुणाला कळवायचं, कोणता नंबर, हे सत्र सुरू व्हायच्या आधीच विचारून डायरीत लिहून ठेवलेलं असावं.

कविता त्या आठवड्याच्या चर्चेतून बाजूला ठेवा, त्याला विचारून. पुढे त्यालाच ती वर्गात आणायची असेल तर आणू दे. आणि पहिल्या दिवसाच्या पत्रकात एक वाक्य छापून टाका : ‘लेखनावरून कुणाच्या जिवाची काळजी वाटली तर मी त्या व्यक्तीशी बोलेन आणि मदत मागेन.’ आधी सांगितलं असेल तर विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

प्रश्न : नोकरी कायम होण्याआधी करारावर सही करायची आहे. काय पाहावं?

उत्तर : तीन गोष्टी लेखी घ्या. एका सत्रात किती वर्ग आणि प्रत्येकात जास्तीत जास्त किती विद्यार्थी. वर्गाबाहेरच्या भेटीगाठींचा वेळ कामाच्या तासांत धरला जातो की नाही. आणि बढतीच्या वेळी कवितासंग्रह संशोधनाच्या बरोबरीनं मोजला जातो का. तिसरी गोष्ट कवी विचारायची विसरतात आणि पाच वर्षांनी त्यांच्याकडे शोधनिबंध मागितले जातात.

प्रश्न : सहा वर्षं शिकवते आहे. विद्यार्थी छान लिहू लागले, माझी कविता मात्र थांबली. लिहायला बसले की पहिल्याच ओळीवर माझ्यातली शिक्षिका शेरा मारते. हे सगळ्यांचं होतं का?

उत्तर : पुष्कळांचं होतं, आणि त्याची कारणं दोन वेगळी आहेत. ती एकत्र करू नका.

पहिलं कारण निव्वळ वेळ. एका कवितेवर वीस मिनिटं म्हटली तरी पाच कवितांना आठवड्याला पावणेदोन तास, त्यात टिपणं वाचणं आलं, आणि सत्राच्या शेवटी १४ संचिका, प्रत्येकीत किमान १५ मसुदे. म्हणजे २१० कागद. यावर उपाय हिशेबी आहे. एका कवितेवर दोनच शेरे लिहा : एक जिथे कविता जिवंत होते तिथे, एक जिथे तिची पकड सुटते तिथे. घड्याळ लावून बारा मिनिटांत थांबा. कडेकडेनं पान भरून लिहिलेल्या शेऱ्यांनी विद्यार्थी सुधारत नाही, तो फक्त दबतो. आणि शिकवण्याच्या दिवशी स्वतःचं लिहायचंच असेल तर तासाच्या आधी लिहा. तासानंतर डोक्यात चौदा जणांच्या ओळी फिरत असतात.

दुसरं कारण खोल आहे. वर्गात तुम्ही कविता पुरी झाल्यावरच्या नजरेनं वाचता : काय जास्त, काय कमी, काय शिळं. ही नजर दिवसभर वापरात असते, त्यामुळे रात्री कोऱ्या कागदासमोरही ती मिटत नाही. तिला हाकलता येत नाही, लांबणीवर टाकता येतं. एक वही अशी ठेवा जी महिनाभर मागे उलटायची नाही. रोज दहा मिनिटं, तारीख घालून, वाईट ओळींसकट. महिना उलटल्यावर पेन्सिल घेऊन ती विद्यार्थ्याच्या कवितेसारखी वाचा. तोवर ती थोडी परकी झालेली असते आणि शिक्षिकेची नजर कामाला येते. वर्गातल्या सरावात तुम्हीही मुलांबरोबर लिहा, पण त्यातून आलेलं लगेच संग्रहासाठी वापरू नका. आपणच दिलेल्या सूचनेची उत्तरं आपण फार हुशारीनं लिहितो.

आणखी एक करून पाहा. विद्यार्थ्यांना जे कधीच शिकवणार नाही असं वाचन स्वतःसाठी राखून ठेवा : एखादा कवी, एखादी भाषा, एखादा प्रकार. त्याच्यावर टाचण काढायचं नाही, वर्गात त्याचा उल्लेख करायचा नाही. वाचताना ‘हे पुढच्या मंगळवारी वापरता येईल’ असं मनात आलं की पुस्तक मिटून दुसऱ्या दिवशी उघडा. सहा वर्षांची सवय आहे, सुटायला निदान एक अख्खं सत्र जाईल. सुट्टीची वाट न पाहता याच आठवड्यात वही आणा.